चौऱ्याण्णवाव्या मिनिटातला स्टॉपर

लेखाचा मसुदा मामांना वाचायला दिला, तो त्यांनी पहिल्या परिच्छेदावरच खाली ठेवला. मामा कोल्हापुरात अकरा वर्षं पेठेच्या संघाकडून स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळले, नंतर शाळेत पोरांना खेळवत निवृत्त झाले. फुटबॉलवर मी काहीही लिहिलं की आधी ते त्यांच्या डोळ्यांखालून जातं. या वेळचा विषय होता स्वीडनचा निवृत्त बचावपटू पात्रिक अँडरसन. देशाकडून ९६ सामने, १९९४ च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक, बायर्न म्युनिककडून चॅम्पियन्स लीग. माझा लेख मात्र त्याच्या एका गोलनं सुरू होत होता, आणि तिथंच आमची जुंपली. दुपारी चारला सुरू झालेलं बोलणं रात्रीच्या जेवणानंतरही संपेना. शेवटी मी मसुदा बाजूला ठेवला आणि ते बोलणंच लिहून काढलं. मसुद्यात जे हातून निसटलं होतं, ते त्यात आलं होतं.

मामा : सुरुवातच चुकलीय तुझी. स्टॉपरवर लिहायला बसलीस आणि पहिल्या ओळीत गोल?

मी : मामा, तो गोल वगळून अँडरसनवर लिहिताच येणार नाही. जर्मनीत आजही त्याचं नाव काढलं की लोकांना तेवढंच आठवतं. बायर्नकडून तो दोन मोसम खेळला, आणि त्या दोन मोसमांत त्यानं केलेला हा एकमेव गोल.

मामा : म्हणजे दोन मोसम जे काम केलं ते गेलं, आणि जे त्याचं काम नव्हतं तेवढं राहिलं.

मी : आधी तो दिवस तर ऐका. १९ मे २००१. बुंडेसलिगाचा शेवटचा, चौतिसावा सामना. बायर्न हॅम्बुर्गमध्ये खेळतंय, त्यांना एक गुण पुरेसा आहे. तिकडे गेल्सेनकिर्खेनला शाल्केचा सामना उंटरहाखिंगशी. बायर्न हरलं आणि शाल्के जिंकलं तर दोघांचे गुण सारखे, आणि गोलफरकावर विजेतेपद शाल्केला. शाल्के १९५८ नंतर कधीही लीग जिंकलं नव्हतं. शिवाय तो त्यांच्या जुन्या पार्कस्टेडियनमधला शेवटचा लीग सामना, पुढच्या मोसमापासून ते नव्या मैदानात जाणार होते. आधी शाल्के ०-२ नं मागे पडलं, मग बरोबरी, मग पुन्हा २-३, आणि शेवटी ५-३ नं जिंकलं. तेवढ्यात हॅम्बुर्गहून बातमी आली. नव्वदाव्या मिनिटाला सेर्गेई बार्बारेझनं हेड मारून हॅम्बुर्गला १-० पुढे नेलं होतं.

मामा : आणि शाल्केचे लोक मैदानात उतरले.

मी : हजारोंनी. एसेनला शिकत असताना मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होते, त्या बाई त्या दिवशी तिथे होत्या. नवऱ्याबरोबर गवतावर उतरल्या होत्या. हॅम्बुर्गचा सामना संपला, असं कोणीतरी सांगितलं आणि सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. मग मोठ्या पडद्यावर हॅम्बुर्गचं चित्र दिसायला लागलं. सामना संपलेला नव्हता. बाई म्हणायच्या, कुणी गप्प बसा म्हणायची वेळच आली नाही, आवाज आपोआप बंद झाला.

मामा : मग फ्री किक.

मी : हो. हॅम्बुर्गच्या उयफालुशीच्या पायाला लागून चेंडू मागे गेला आणि गोलरक्षक शोबरनं तो हातात उचलला. हा शोबर मूळचा शाल्केचाच खेळाडू. पंच मार्कुस मेर्क यांनी तो बॅकपास धरला आणि पेनल्टी क्षेत्राच्या आत इनडायरेक्ट फ्री किक दिली. हॅम्बुर्गचा जवळजवळ सगळा संघ गोलसमोर उभा. बायर्नच्या एफेनबर्गनं चेंडू नुसता हलवला, अँडरसननं जमिनीलगत मारला आणि तो त्या गर्दीतून आत गेला. चौऱ्याण्णवावं मिनिट, १-१. बायर्न ६३, शाल्के ६२. शाल्केला तेव्हापासून ‘हृदयांचे विजेते’ म्हणतात. आता सांगा, यानं सुरुवात करायची नाही तर कशानं करायची?

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. उठले, खिडकी लावून आले. मामांची गप्प बसण्याची पद्धत मला माहीत आहे. मनातल्या मनात ते मैदान आखत असतात, कोण कुठं उभा होता ते बसवत असतात.

मामा : तू सांगितलंस ते सगळं खरं आहे. पण त्यात अँडरसन कुठं आहे? उयफालुशी आहे, शोबर आहे, पंच आहे, एफेनबर्ग आहे, तुझ्या घरमालकीणबाई पण आहेत. अँडरसनचा फक्त पाय आहे. त्या पायाआधी बारा वर्षं तो काय करत होता?

मी : तेही लिहिलंय पुढे. जन्म १९७१ चा. माल्मोच्या उत्तरेला समुद्रकाठी ब्येरेड म्हणून गाव आहे, तिथल्या क्लबमधून तो माल्मोच्या मोठ्या संघात आला. वडील रॉय अँडरसन याच माल्मो संघाचे बचावपटू, १९७८ च्या विश्वचषकात स्वीडनच्या संघात होते. धाकटा भाऊ डॅनियलही पुढे देशाकडून खेळला.

मामा : वडील बॅक, मुलगा बॅक. हे वर घे. स्टॉपरपण घरात शिकता येतं, कारण ते बरंचसं उभं कुठं राहायचं त्यात असतं, आणि ते जेवताना ताटावर वाटी ठेवूनसुद्धा दाखवता येतं. आणि एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस. त्याची सुरुवात झाली तेव्हा बॅकपासचा नियम नव्हता.

मी : १९९२ ला आला तो नियम.

मामा : त्याच साली म्हणतोय मी. आमच्या वेळी स्टॉपरला एक दार कायम उघडं असायचं. समोरून दोघं अंगावर आले, की बॉल मागं गोलकीपरकडं द्यायचा, तो हातात घेणार, आपण श्वास घेणार. अँडरसन त्याच वळणात वाढलेला पोरगा. एकवीस वर्षांचा झाला आणि ते दार बंद झालं. पायानं मुद्दाम मागं दिलेला बॉल गोलकीपरला हातात घेता येणार नाही. स्टॉपरला पहिल्यांदाच पायात बॉल घेऊन विचार करावा लागला. त्या एका नियमानं कितीतरी चांगले बॅक कुचकामी ठरले. हा ठरला नाही. त्याच वर्षी इंग्लंडला ब्लॅकबर्नला गेला, तिथं फार खेळायला मिळालं नाही. १९९३ ला जर्मनीत ग्लाडबाखला गेला आणि सहा वर्षं राहिला. आणि ज्या नियमानं त्याच्या जातीच्या खेळाडूंचा जीव घेतला, त्याच नियमानं हॅम्बुर्गला त्याला फ्री किक मिळवून दिली. गोलनंच सुरू करायचं असलं तर निदान हे तरी सांग. तुझ्या मसुद्यात नियम आहे आणि गोल आहे, दोन्हींमधला माणूस नाही.

(हे खरोखरच माझ्या मनात आलं नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं. मामांनी ते पाहिलं, पण बोलणं थांबवलं नाही.)

मामा : आता १९९४ घे. अमेरिकेतला विश्वचषक. पहाटे पाचला उठून मी स्वीडन-ब्राझील उपान्त्य सामना बघितलाय. स्वीडनच्या मध्यात दोघं उभे, पात्रिक अँडरसन आणि योआखिम ब्यॉर्कलुंड. समोर रोमारिओ आणि बेबेतो. तेर्नला लाल कार्ड मिळालं आणि स्वीडनची दहा माणसं उरली. तरी ऐंशीव्या मिनिटापर्यंत ०-०. ब्राझील मारतंय आणि हे थोपवतायत. मागं राव्हेली गोलमध्ये.

मी : आणि ऐंशीव्या मिनिटाला पाच फूट सहा इंचाच्या रोमारिओनं तुमच्या उंच स्वीडिश बचावाच्या मधे उडी मारून हेडनं गोल केला. मामा, मला तुमच्याशी याच गोष्टीवर भांडायचंय. तुम्ही म्हणता बचावपटूचं काम दिसत नाही. दिसतं की! चुकतो तेव्हा दिसतं. ती ऐंशी मिनिटं तुम्ही सोडून कोणाला आठवतात? रोमारिओचं हेड सगळ्यांना आठवतं. बचावपटूच्या आयुष्यात घटना म्हणजे फक्त चूक. मग एखाद्याच्या नशिबी एक गोल आला, एक घटना जी चूक नव्हती, तर ती पुसून टाकायला तुम्ही का निघालात?

मामा : नशिबी म्हणू नकोस.

मी : बरं, नाही म्हणत. पण १९९४ चा स्वीडन लोकांच्या लक्षात कशासाठी आहे? पंधरा गोलांसाठी. त्या स्पर्धेत तेवढे गोल दुसऱ्या कुठल्याच संघानं केले नाहीत. ब्रोलिन, डालिन, केनेट अँडरसन. संघात दोन अँडरसन होते मामा, आणि ‘अँडरसन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर केनेट यायचा, कारण त्याच्या नावावर पाच गोल होते. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाला ४-० हरवलं, त्यातले चार सगळ्यांना माहीत आहेत.

मामा : आणि शून्य?

मी : काय?

मामा : ४-० मधला शून्य कोणाचा? तो लिहिलास का कुठं?

मी : नाही लिहिला.

मामा : मग ऐक. युरो २००० ची पात्रता फेरी. स्वीडनच्या गटात इंग्लंड, पोलंड, बल्गेरिया. आठ सामने, सात जिंकले, एक बरोबरीत. त्या आठ सामन्यांत स्वीडननं किती गोल केले? दहा. फक्त दहा. सव्वा गोल सामन्याला. एवढ्यावर कुठला संघ गटात पहिला येतो? जो गोल खात नाही तो. आठ सामन्यांत एक गोल खाल्ला. एक! इंग्लंडच्या शिअररनं, तोही सामना सुरू झाल्या झाल्या. तो सामनासुद्धा स्वीडननं २-१ नं फिरवला. उरलेल्या सात सामन्यांत कोरी पाटी. मला या अँडरसनवर कोणी लिहायला सांगितलं असतं, तर मी इथून सुरुवात केली असती.

मी : पण वाचक काय बघणार त्यात? सात सामन्यांत जे घडलं नाही ते?

मामा : हो, तेच. आग लागली नाही तर कोणी बंबवाल्याला विचारत नाही. पण स्टॉपर बंबवाला नव्हे, ही गल्लत तू करतेस. बंबवाला आग लागल्यावर येतो. स्टॉपर काडी पेटू नये म्हणून दोन पावलं आधीच सरकलेला असतो. घसरून, लोळण घेऊन बॉल काढणारा बॅक लोकांना आवडतो. मी पोरांना सांगायचो, कपडे मळले असतील तर तू उशिरा पोचलास.

मी : सुंदर आहे हे. पण मग ग्लाडबाखचं काय करू? १९९५ ला अँडरसन, एफेनबर्ग, डालिन एका संघात होते, वोल्फ्सबुर्गला ३-० हरवून त्यांनी जर्मन कप जिंकला. हे लिहिताना छान वाटतं. पण १९९८-९९ च्या मोसमात तेच ग्लाडबाख घरच्या मैदानावर लेव्हरकुझेनकडून ८-२ हरलं आणि लगेच पुढच्या सामन्यात वोल्फ्सबुर्गकडून ७-१. मोसम संपला तेव्हा ते तळाला होते, लीगमधून खाली गेले. तुमचा न दिसणारा स्टॉपर याच क्लबचा होता. दिसत नाही ते सगळं चांगलंच असतं, असं कुठे आहे?

या प्रश्नाला मामांकडे उत्तर तयार नसेल असं मला वाटलं होतं. त्यांनी मान डोलावली, आणि पुढचं बोलताना आवाज जरा खाली आला.

मामा : हे विचारलंस ते बरं केलंस. स्टॉपर एकटा नसतो. पुढं हाफ गळाले, बाजूला बॅक गळाले, की मधला माणूस काहीच करू शकत नाही. पण लोक त्यालाच बघतात, कारण गोल होताना सगळ्यात जवळ तोच उभा असतो. तुला माहीत आहे, पेठेत मला अजून कशासाठी ओळखतात ते.

मला माहीत होतं. आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत आहे. अकरा वर्षांत एकदा मामांच्या डोक्याला लागून चेंडू स्वतःच्याच गोलमध्ये गेला आणि अंतिम सामना हातचा गेला. आज पंचाहत्तरीतही रस्त्यात कोणी जुना भेटला, की तो विषय निघतो. मामा हसून ऐकतात. घरी आल्यावर त्या दिवशी जेवण कमी जातं.

मामा : म्हणून सांगतो, एका बॉलवर माणूस तोलू नये. बॉल आपल्याच गोलात गेला तरी नाही, आणि दुसऱ्याच्या गोलात गेला तरी नाही.

मी : मामा, मग आता मी जे सांगणार आहे ते तुम्हाला आवडेल की नाही, कळत नाही. हॅम्बुर्गनंतर बरोबर चार दिवसांनी, २३ मे २००१ ला, मिलानच्या सॅन सिरोवर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. बायर्न विरुद्ध व्हॅलेन्सिया. बायर्नच्या मागच्या फळीत कुफोर, अँडरसन, लिंके. सामना सुरू होऊन तीन मिनिटं होतात न होतात तोच बायर्नच्या गोलसमोर झटापट झाली, अँडरसन खाली पडलेला, चेंडू त्याच्या हाताला लागला. पंचांनी पेनल्टी दिली. मेंडिएटानं ती मारली. व्हॅलेन्सिया १-०.

मामा : हँडबॉल त्याचा होता होय?

मी : त्याचाच. लगेच बायर्नलाही एक पेनल्टी मिळाली, शोलनं मारली, व्हॅलेन्सियाचा गोलरक्षक कान्यिसारेस यानं अडवली. पन्नासाव्या मिनिटाच्या सुमारास कार्बोनीचा हात लागला, एफेनबर्गनं बरोबरी केली. जादा वेळेतही १-१. मग टायब्रेकर. बायर्नचा चौथा फटका मारायला अँडरसन आला. चार दिवसांपूर्वी अख्ख्या जर्मनीनं श्वास रोखून धरलेल्या क्षणी ज्यानं गोल केला होता, तोच माणूस. कान्यिसारेसनं अडवला.

मामा : अडवला.

मी : हो. म्हणून मी म्हणते की तो गोल हवाच. चार दिवसांत एकाच माणसाच्या पायातून आणि हातातून हे सगळं गेलं. लीग जिंकून देणारा गोल, अंतिम सामन्यात पेनल्टी देणारा हँडबॉल आणि चुकलेला टायब्रेकर. बायर्न हरलं असतं तर आज तो तुमच्यासारखा...

मी थांबले. बोलायला नको होतं. मामांनी हातानंच ‘असू दे’ केलं.

मामा : माझ्यासारखा झाला असता, बरोबर आहे. मग वाचवलं कोणी त्याला?

मी : गोलरक्षक ओलिव्हर कान्हनं. अँडरसन चुकला आणि लगेच पुढचा फटका कार्बोनीचा होता, तो कान्हनं बोटं लावून वरच्या दांड्यावर घातला. त्यानं एकूण तीन फटके अडवले.

मामा : शेवटचे फटके कोणी मारले? नावं सांग.

मी : बायर्नकडून एफेनबर्ग, मग लिझाराझू, मग लिंके. व्हॅलेन्सियाकडून बाराखा, किली गोंझालेस आणि शेवटी पेलेग्रिनो. पेलेग्रिनोचा कान्हनं अडवला. ५-४.

मामा पुढे सरसावून बसले. इतका वेळ जो माणूस माझ्याशी भांडत होता, तो आता माझ्याच मसुद्यात शिरला होता.

मामा : लिझाराझू बॅक. लिंके स्टॉपर. कार्बोनी बॅक. पेलेग्रिनो स्टॉपर. अँडरसन स्टॉपर. अगं, युरोपचा कप शेवटी बॅकांनीच आपापसात वाटून घेतला की! एकाचा हुकला, दुसऱ्याचा हुकला, तिसऱ्यानं मारला, चौथ्यानं मारला, पाचव्याचा अडवला. फॉरवर्ड सगळे मध्यरेषेवर उभे राहून बघतायत. आणि लिंके हा त्याच्या शेजारचा स्टॉपर. ज्याच्या बाजूला तो वर्षभर उभा राहिला, ज्याची चूक यानं झाकली असेल आणि याची त्यानं, त्यानं शेवटचा गोल मारला. स्टॉपरची जोडी अशीच असते. एक पुढं गेला की दुसरा मागं. हे लिही. याच्यासाठी मी तुझा तो हॅम्बुर्गचा गोल मान्य करतो.

मी : एवढ्यात मान्य?

मामा : अर्धा. त्याच्या आधीचं पण घाल. अंतिम सामन्याला जाण्याआधी मँचेस्टर युनायटेडबरोबर दोन सामने, रेआल माद्रिदबरोबर दोन सामने. चारही बायर्ननं जिंकले, आणि त्या चार सामन्यांत मिळून दोन गोल खाल्ले. युनायटेड ते, ज्यांनी १९९९ च्या अंतिम सामन्यात बायर्नला इंज्युरी टाइममध्ये दोन गोल मारून रडवलं होतं. त्या पराभवानंतर बायर्ननं त्याच उन्हाळ्यात अँडरसनला आणलं. त्यांनी काय गोल मारायला आणला होता त्याला? शेवटची दोन मिनिटं फुटायची नाहीत म्हणून आणला होता.

मी : आणि पुढच्याच दोन वर्षांत दोन लीग, एक जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग. २००० ची लीगसुद्धा शेवटच्या दिवशी मिळाली. लेव्हरकुझेन उंटरहाखिंगमध्ये हरलं आणि बायर्ननं गोलफरकावर घेतली.

मामा : उंटरहाखिंग! दोन्ही वर्षी तेच गाव.

मी : हो ना. एका वर्षी त्यांनी बायर्नला विजेतेपद मिळवून दिलं, दुसऱ्या वर्षी शाल्केकडून हरून जवळजवळ काढूनच घेतलं होतं, आणि त्याच दिवशी ते स्वतः खालच्या लीगमध्ये गेले. त्यांच्यावर वेगळा लेख होईल.

जेवणं झाली. मामी आतून येऊन एकदा बघून गेल्या. त्यांना फुटबॉलचं काही वाटत नाही, पण आमचा आवाज चढला की दुधाचे पेले घेऊन येतात.

मामा : आता एक विचारतो. स्वीडनमध्ये वर्षातल्या उत्तम फुटबॉलपटूला सोन्याचा चेंडू देतात ना? अँडरसनला कधी मिळाला?

मी : ‘गुल्डबोलेन’. दोनदा, १९९५ ला आणि २००१ ला. आणि १९७७ ला त्याच्या वडिलांना मिळाला होता.

मामा : २००१ चा सोड. तुझ्या गोलचा होता म्हणशील. १९९५ ला काय होतं? त्या वर्षी त्याचा कुठला गोल अख्ख्या देशानं बघितला होता? आणि १९७७ ला त्याच्या वडिलांचा? काहीच नव्हतं ना? म्हणजे त्या देशात बॅकचं काम बघता येणारी माणसं होती. बाप-लेक दोघंही बॅक आणि दोघांनाही देशाचा सोन्याचा चेंडू. तू म्हणतेस की बचाव कोणालाच दिसत नाही. त्यांना दिसला.

मला उत्तर सुचलं नाही. खरं तर तिथे मी हरले, हे मान्य करायला हवं. मसुद्यात मी दोन्ही पुरस्कार एका ओळीत उरकले होते.

मी : पण २००१ नंतर काय झालं ते बघा. बार्सिलोनानं त्याला नेलं. तीन मोसम. दुखापतींमुळे त्या तीन मोसमांत लीगचे वीस सामनेही खेळता आले नाहीत. २००२ च्या विश्वचषकात स्वीडन ‘मृत्युगटा’तून, अर्जेंटिना-इंग्लंडच्या गटातून, पहिला आला, आणि अँडरसन दुखापतीमुळे एकही सामना खेळू शकला नाही. त्या वर्षांत त्याच्याकडे काय होतं मामा? शेजारी उभा राहणारा लिंके नव्हता, मैदान नव्हतं. तुम्ही म्हणता ते काम, ती सरकलेली दोन पावलं, तेच करता येत नव्हतं. अशा वेळी हॅम्बुर्गचा गोल त्याच्या उपयोगी पडला नसेल? निदान लोक विसरले तरी नाहीत.

मामा : तुला बसून राहिलेला खेळाडू कधी भेटलाय? मी भेटलोय. माझा एक गुडघा अजून दोन जिने चढू देत नाही. बसलेल्या माणसाला जुना गोल दाखवू नये. त्याला सकाळी प्रॅक्टिसला हाक मारली पाहिजे.

मी : मारली. माल्मोनं मारली. २००४ ला तो घरी परतला. तेहतीस वर्षांचा होता. भाऊ डॅनियलही त्याच वर्षी परत आला. आणि त्या वर्षी माल्मोनं स्वीडनचं विजेतेपद जिंकलं, १९८८ नंतर पहिल्यांदा. वडिलांचा क्लब, दोघं भाऊ संघात. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला.

मामांनी दुधाचा पेला खाली ठेवला. बराच वेळ त्यांनी काही म्हटलं नाही.

मामा : आणि हे तू शेवटच्या पानावर दोन ओळींत लिहिलंयस.

मी : हो.

मामा : त्या माल्मोतलं मला बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. तेहतीस वर्षांचा स्टॉपर कसा खेळतो ते. वेग गेलेला असतो. पाय मागून येतात. पण डोळा शाबूत असतो, आणि डोळ्याच्या जोरावर तो विशीतल्या पोराच्या आधी पोचतो. माझ्या मते स्टॉपरचं ते सगळ्यात चांगलं वय असतं, शरीर तेवढं ऐकत नाही.

मी : म्हणजे लेख माल्मोपासून सुरू करू?

मामा : मी कुठं म्हटलं? तू तुझ्या गोलनंच कर. तुझ्या घरमालकीणबाई त्या गवतावर उभ्या होत्या, ते तू ऐकलंयस. मी ऐकलेलं नाही. ज्याला जे दिसलंय त्यानं तिथून सुरुवात करावी. फक्त शाल्केच्या बाजूनं आणि बायर्नच्या बाजूनं बघून झालं, की एकदा स्टॉपरच्या बाजूनं बघ. आण तो लॅपटॉप.

मी तो तुकडा लावला. जुनं चित्र, रंग थोडे फिकट. शोबर चेंडू उचलतो. मेर्क हात वर करतात. (हे मेर्क व्यवसायानं दंतवैद्य, आणि दक्षिण भारतातल्या गरीब मुलांसाठी त्यांनी अनेक वर्षं मदतकार्य केलंय. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘शाल्केच्या लोकांना सांगितलंस का कधी?’ त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं, बाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, माणूस चांगला असेल, पण तो बॅकपास नव्हता.) हॅम्बुर्गची माणसं गोलसमोर दाटीनं उभी राहतात. ढकलाढकली. एफेनबर्ग चेंडूपाशी. अँडरसन दोन पावलं मागे.

मामा : थांबव.

मी थांबवलं.

मामा : हा पुढं आलाय. कान्हसुद्धा गोल सोडून आला असणार, नंतर तो कॉर्नरचा झेंडा घेऊन त्याच टोकाला लोळताना दिसतो. बार्बारेझ पुढंच आहे, त्याचं डोकं गरम आहे, बॉल सुटून त्याच्याकडं गेला तर पुढं सगळं मैदान मोकळं. मागं कोण थांबलंय बायर्नचं?

मी तुकडा मागे नेला, पुन्हा पुढे आणला. कॅमेरा गोलवर होता. भिंत, एफेनबर्ग, अँडरसन, शोबरचे हात. मध्यरेषेपर्यंतचा भाग चित्रात येतच नव्हता.

मामा : पुन्हा लाव. फटका मारल्यावर कॅमेरा वर जाईल, तेव्हा बघू.

फटका बसला, चेंडू आत गेला आणि कॅमेरा अँडरसनच्या मागे धावला. मामा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवून बसले होते, जिथून मैदानाचा मागचा भाग दिसायला हवा होता.